फ्लेक्सवरचा माझा फोटो उतरवा: युरोपात हॉटेल मॅनेजमेंटला मुलं पाठवणाऱ्या सल्लागारांना खुलं पत्र

परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांनो,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या मामेभावाने सोलापुरातल्या एका चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरात ‘स्वित्झर्लंडमध्ये हॉटेल मॅनेजमेंट, शिकता शिकता कमवा, फी इंटर्नशिपमध्येच वसूल’. खाली रविवारच्या सेमिनारची वेळ. मागे निळं तळं, डोंगर, आणि शेफ कोट घालून हसत उभ्या असलेल्या चार मुली. त्यातली डावीकडून दुसरी मी आहे.

तो फोटो मे २०२२ मधला. तेव्हा मी जिनिव्हा सरोवराच्या वर, डोंगरातल्या एका खाजगी हॉटेल स्कूलमध्ये शिकत होते. आपल्याला पाठवणाऱ्या सरांना आनंद होईल म्हणून मीच तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. तो फ्लेक्सवर लावू का, असं मला कुणी विचारलं नाही. आणि त्याच्यावर जे लिहिलंय ते माझ्या बाबतीत खरं झालेलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

ज्या ऑफिसने मला पाठवलं त्याचं नाव मी घेत नाही. परत आल्यावर पुण्यातल्या, नाशिकच्या, कोल्हापूरच्या वेगवेगळ्या ऑफिसांतून गेलेल्या मुलामुलींशी बोलले, तेव्हा लक्षात आलं की आम्हाला सांगितलेली वाक्यंसुद्धा तीच होती. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना.

मी बार्शीची. वडिलांची बसस्टँडजवळ खानावळ आहे. माळकरी घर, चार टेबलं, सकाळी दहाला भाकऱ्या सुरू होतात त्या रात्री नऊला थांबतात. खानावळवाल्याच्या मुलीने हॉटेल मॅनेजमेंट करायचं म्हटल्यावर घरात कुणी नाही म्हटलं नाही. पुण्यात तीन वर्षांची डिग्री केली आणि त्यानंतर तुमच्या ऑफिसात आले. समोर काचेचं टेबल, भिंतीवर झेंडे, आणि पहिलंच वाक्य, “आमचं काउन्सेलिंग पूर्ण मोफत आहे.”

एक वर्षाचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा. सहा महिने वर्ग, सहा महिने पगारी इंटर्नशिप. फी, राहणं, विमान, व्हिसा धरून २४ लाखांचं कर्ज. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. आमच्याकडे तारण ठेवण्यासारखं एकच होतं, राहतं घर. वडिलांनी सही करायच्या आधी तुमच्या माणसाला एवढंच विचारलं होतं, “साहेब, हे फिटेल ना?” तुमच्या माणसाने कॅल्क्युलेटर काढला. इंटर्नचा पगार महिन्याला बावीसशे फ्रँकच्या वर, गुणिले सहा, गुणिले तेव्हाचा ब्याऐंशी रुपयांचा भाव. आकडा आला जवळजवळ अकरा लाख. “निम्मं तर तिथेच फिटलं, काका,” असं म्हणून त्याने कॅल्क्युलेटर वडिलांकडे फिरवला.

हा हिशेब खोटा नव्हता, अर्धा होता. स्वित्झर्लंडमध्ये हॉटेल-रेस्टॉरंटच्या धंद्याचा देशव्यापी सामूहिक करार आहे. इंटर्नचा किमान पगार त्यातच ठरलेला असतो आणि तो मला दर महिन्याला वेळेवर मिळाला. पण पगाराच्या चिठ्ठीवर वरचा आकडा वेगळा आणि खालचा वेगळा. हॉटेलनेच राहायला खोली आणि जेवण दिलं तर त्याचे सरकारी दराने दिवसाला ३३ फ्रँक कापतात. महिन्याचे ९९०. मग पेन्शन आणि बेकारी विम्याची वर्गणी, अपघात विमा, पगारातूनच कापला जाणारा टॅक्स. माझ्या खात्यात साडेनऊशे-पावणेदहाशे फ्रँक यायचे. त्यातून आरोग्य विम्याचा हप्ता, फोन, सुट्टीच्या दिवशी गावात जायचं तर ट्रेनचं तिकीट. सहा महिन्यांच्या शेवटी माझ्याकडे साडेतीन हजार फ्रँक उरले. तेव्हाच्या भावाने जेमतेम तीन लाख. अकरा आणि तीन यातला फरक आज बार्शीतल्या घराच्या सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढलेला आहे.

हा दर, ही कपात तिथे सगळ्यांना ठाऊक असते, कुठेही लपवलेली नसते. तुम्ही दहा-दहा वर्षं मुलं पाठवताय. त्यातल्या एकाचीही पगाराची चिठ्ठी तुम्ही पाहिली नाही?

दुसरी गोष्ट पार्ट-टाइमची. “वर्ग चालू असताना पण आठवड्याला पंधरा तास काम करता येतं,” असं मला सांगितलं होतं. नियम खरा आहे. पण युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला ती मुभा शिक्षण सुरू होऊन सहा महिने झाल्यावर मिळते, आणि माझे वर्गच मुळी सहा महिन्यांचे होते! म्हणजे माझ्या कोर्सला तो नियम लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. ऑफिसात बसलेल्या कुणीही बोटं मोजली असती तरी कळलं असतं. कुणी मोजली नाहीत. मीही मोजली नाहीत, पण मी बावीस वर्षांची होते आणि माझं ते काम नव्हतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त लागलेली. डिप्लोमानंतर काय? “एकदा स्विस डिप्लोमा हातात आला की अख्खा युरोप उघडा,” हे तुमचं वाक्य. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तिथल्या राहण्याच्या परवान्यावर शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, फिरता येतं, काम करता येत नाही. आणि स्वित्झर्लंडमध्येच थांबायचं तर मालकाला आधी दाखवावं लागतं की या जागेसाठी स्विस किंवा युरोपीय संघातला माणूस मिळाला नाही. वेटर, रिसेप्शन, ज्युनिअर कुक या जागांसाठी हे कोण कसं दाखवणार? २०११ पासून तिथे शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी शोधायला सहा महिने थांबता येतं, हे खरं. पण ती सवलत मान्यताप्राप्त स्विस उच्च शिक्षण संस्थेतून पदवी घेणाऱ्याला आहे. लोझानची १८९३ साली सुरू झालेली जगातली सर्वांत जुनी हॉटेल शाळा त्यात बसते. डोंगराडोंगरात ज्या खाजगी शाळा आहेत त्यातल्या अनेक बसत नाहीत. आमची बसत नव्हती. डिसेंबरात इंटर्नशिप संपली आणि तिच्याबरोबर परवानाही. वर्गातल्या आम्हा सहा भारतीयांपैकी सहाही जण महिन्याभरात परत आलो.

तुमच्या माहितीपत्रकात मात्र लोझानच्या शाळेचा इतिहास पहिल्या पानावर होता. आम्हाला वाटलं, सगळं एकच.

युरोप हा एक देश असल्यासारखं तुम्ही बोलता, हेही थांबवा. आयर्लंडमध्ये विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, जून ते सप्टेंबर आणि नाताळच्या महिन्यात ४० तास. मास्टर्सनंतर दोन वर्षांपर्यंत राहता येतं. फ्रान्समध्ये हिशेब वर्षाचा, ९६४ तास. प्रत्येक देशाचं गणित वेगळं आणि प्रत्येक मुलाची ऐपत वेगळी. माझ्यासारख्या कर्ज काढून जाणाऱ्या मुलीला डब्लिनचा रस्ता बरा पडला असता की लोझानचा, हे सांगणं म्हणजेच तर सल्ला. तो मला मिळाला नाही. कारण, हे मला फार उशिरा कळलं, तुमचं मोफत काउन्सेलिंग मोफत नसतं. मूल दाखल झालं की शाळा तुम्हाला फीमधला ठरावीक टक्का देते. जी शाळा कमिशन देते तिचंच पत्रक तुमच्या टेबलावर असतं. कमिशन घेणं गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. पण माझे वडील समोर बसून “साहेब, तुम्ही सांगाल तसं” म्हणत होते तेव्हा ते तुम्हाला आमच्या बाजूचा माणूस समजत होते.

तुम्ही जर्मनीचा आउसबिल्डुंग कधी सांगत नाही, त्याचंही कारण हेच असावं. तीन वर्षांचं प्रशिक्षण, बहुतेक हॉटेलात आणि बाकीचं व्यवसाय शाळेत. फी नाही, उलट पहिल्या वर्षापासून महिन्याला हजार युरोच्या आसपास विद्यावेतन. जर्मन भाषा मात्र साधारण बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत यावी लागते, म्हणजे निघायच्या आधी वर्षभर घासावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही हॉटेलातली कामं आहेत. हा रस्ता सोपा नाही, सगळ्यांना जमेल असंही नाही. पण ज्या घरात तारण ठेवायला एक घरच आहे, त्या घरापुढे तो निदान मांडायला हवा होता.

आता भाषेचं. शाळेत इंग्रजीतून शिकवत, आणि आठवड्याला थोडं फ्रेंच. इंटर्नशिप मिळाली ग्राउब्युन्डेन कँटनमध्ये (कँटन म्हणजे तिथलं राज्य), देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे किचनमध्ये स्विस जर्मन बोलतात. “इंग्लिशवर निभतं,” तुम्ही म्हणाला होतात. पहिल्या आठवड्यात मी पासजवळ, म्हणजे तयार ताटं ठेवतात त्या कट्ट्याजवळ, उभी होते. मागून कुणीतरी ओरडलं, “हाइस! हाइस!” मला वाटलं दुसऱ्या कुणाला हाक मारताहेत. मी वळले आणि ओव्हनमधून काढलेल्या ट्रेची कड माझ्या मनगटाला लागली. हाइस म्हणजे गरम. भाजलेल्या हातावर पाणी सोडत मला तो शब्द शिकवला भांडी घासणाऱ्या पोर्तुगीज मावशींनी. त्यांनाही जर्मन जेमतेम येत होतं, पण किचनमध्ये जिवंत राहायला लागणारे वीस शब्द त्यांच्याकडे होते आणि ते त्यांनी मला एका कागदावर लिहून दिले. धारदार, मागे आहे, लवकर, संपलं, गरम. तो कागद माझ्याकडे अजून आहे. हे वीस शब्द तुम्ही बार्शीतच देऊ शकला असता.

ड्यूटी सकाळी नऊ ते दोन, मग संध्याकाळी साडेपाच ते दहा. मधल्या मोकळ्या वेळेला तिथे ‘झिमरश्टुंड’ म्हणतात, खोलीवर जाऊन पडायचा तास. आठवड्याचे ४२ तास कागदावर होते आणि हॉटेलने ते पाळले. पण रोज दोनदा युनिफॉर्म चढवायचा, दोनदा उतरवायचा, आणि मधल्या साडेतीन तासांत बर्फात कुठे जाणार? मी खोलीत बसून बँकेच्या व्याजाचा तक्ता उघडायचे. त्या खोलीत फार एकटं वाटायचं.

आणि आमच्या घराला लागलेली एक गोष्ट. “व्हेज ऑप्शन असतो,” तुम्ही आईला सांगितलंत. खाण्यात असतो, नक्की. पण किचन प्रॅक्टिकलच्या दुसऱ्याच दिवशी वासराच्या हाडांचा स्टॉक करायचा होता. हाडं भाजायची, कांदा-गाजर परतायचं, आठ तास मंद आचेवर ठेवायचं, आणि दर तासाला चमच्याने चव बघायची. कुक चव बघितल्याशिवाय काम कसं करणार? माझ्या गळ्यात माळ होती. मी चमचा हातात घेऊन उभी राहिले आणि शेफ वाट बघत राहिले. शेवटी माळ काढून खिशात ठेवली आणि चव घेतली. त्या रात्री वडिलांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “धंदा शिकायला गेलीस, शीक.” मला त्या शाळेबद्दल तक्रार नाही, युरोपचं स्वयंपाकघर तसंच असणार. तक्रार ही आहे की तो निर्णय मला बार्शीत, आई-वडिलांसमोर, विचार करून घ्यायचा होता. तुम्ही तो मला एका चमच्यापुरत्या वेळात घ्यायला लावला.

मी तिथे काही शिकले नाही असं कुणी समजू नये. तो स्टॉक मला शिकवणारे शेफ साठीचे होते. सुरीची धार कशी ओळखायची, फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख का लिहायची, पदार्थ पाठवायच्या आधी ताटाची कड का पुसायची, हे त्यांनी रोज, न कंटाळता शिकवलं. आज वडिलांच्या खानावळीत प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी आहे. हे शिक्षण मोलाचं आहे, म्हणूनच ते अर्ध्या हिशेबावर विकलेलं मला बघवत नाही.

परत आल्यावर पुण्यातल्या हॉटेलात पहिला पगार २२ हजार आणि बँकेचा हप्ता ३३ हजार. उरलेले अकरा हजार अजूनही खानावळीच्या गल्ल्यातून जातात. शिकवायची इच्छा होती म्हणून एका कॉलेजात अर्ज केला, त्यांनी डिप्लोम्याचं समकक्षता प्रमाणपत्र मागितलं, म्हणजे तो भारतातल्या शिक्षणाच्या बरोबरीचा आहे असा दाखला. असं काही लागतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी शिक्षणाच्या समकक्षतेचे नवे नियम काढले. परदेशी संस्था तिच्या स्वतःच्या देशाच्या कायद्याने मान्यताप्राप्त असली पाहिजे, ही त्यातली मूळ अट आहे. तुम्ही विकता त्या किती शाळा या अटीत बसतात, हे तुम्ही तपासलंय का? काही शाळांची पदवी तर इंग्लंडमधल्या विद्यापीठाच्या नावाने मिळते. मग मूल नक्की कुठल्या देशाचा पदवीधर, हे पालकांना कोण सांगणार? आणि फ्रँक आता शंभरी ओलांडून गेला आहे. मला जी फी वीस लाखांना पडली तीच आज निघणाऱ्या मुलाला पंचवीसच्या वर पडेल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. माझा फोटो रविवारच्या आत उतरवा. यापुढे कुठल्याही विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी परवानगीशिवाय वापरू नका.

२. कुठल्या शाळेकडून किती कमिशन मिळतं, ते पालकांना पहिल्या भेटीत लेखी द्या.

३. प्रत्येक कोर्सचं एक पान मराठीत द्या. त्यावर एकूण खर्च, इंटर्नशिपमध्ये कपात होऊन हातात येणारी रक्कम, परवान्याचा प्रकार, आणि डिप्लोमा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या देशात राहता येतं की नाही, एवढं असावं. सोबत आधी गेलेल्या मुलाची खरी पगाराची चिठ्ठी जोडा, नाव खोडून.

४. शाळेला तिच्या देशात मान्यता आहे का, पदवी कोण देतं, भारतात समकक्षता मिळेल का, हे कागदावर सही करून सांगा.

५. व्हिसा नाकारला गेला तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल ते आधी लिहून द्या. लातूरचा एक मुलगा वर्षभर या पैशांसाठी फोन करत होता.

६. सेमिनारला परत आलेल्या मुलांनाही बोलवा.

शासनाकडेही एक मागणी. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. विद्यार्थी पाठवणारा त्यात येत नाही. पंजाबात परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांना आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासवाल्यांनासुद्धा सरकारी परवाना काढावा लागतो. मी गेले त्या ऑफिसच्या भिंतीवर झेंडे होते, परवाना नव्हता. महाराष्ट्रातही तो लागू करावा, आणि ज्याच्याबद्दल तक्रार खरी ठरेल त्याचा काढून घ्यावा.

रविवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीने सोलापूरला येणार आहे, वडीलही सोबत असतील. माझ्या सहाही महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स आणणार आहे. आत बसू दिलंत तर तिथे येणाऱ्या पालकांना त्या दाखवेन. नाही दिलंत तर बाहेर दाराशी उभी राहून वाटेन.

आपली,
फोटोतली डावीकडून दुसरी,
बार्शी